कढईला चढलेलं तांबं

"सर, नुसत्या लोखंडाला शून्य कशाला लिहायचं? शून्य म्हणजे काहीच नाही ना? मग नाही लिहिलं तर?"

हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच, आणि दर वर्षी माझं डोकं फिरतं. विचारणाऱ्याचा काही दोष नसतो. "लिही म्हणतो ना!" असं मी खेकसतो आणि फळ्याकडे वळतो. वर्गाला वाटतं, सर तापट आहेत. आहेतच. घरच्यांचंही तेच मत आहे. मला एका जागी बसवत नाही, जेवतानासुद्धा मी दोनदा उठतो, आणि कुणी सावकाश बोलायला लागलं की त्याचं वाक्य मीच पुरं करून टाकतो. पण या एका शून्यावर मी का चिडतो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. ज्यांच्यापुढे ते सांगायला भीत होतो ती माणसं आता नाहीत. तेव्हा सांगून टाकतो.

आमचं गाव केनवडपासून पायी तासाभराच्या वाटेवर. लढाईचे दिवस होते, पण आमच्याकडे लढाई म्हणजे रॉकेल मिळेनासं होणं, एवढंच. मी अमरावतीला कॉलेजात इंटर सायन्सला होतो आणि पहिल्याच फटक्यात रसायनात नापास होऊन उन्हाळ्यात घरी येऊन बसलो होतो. गावातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि नापास होऊन परत आलेलाही पहिलाच. रस्त्यात जो भेटे तो विचारी, "काय बाबू, सुट्ट्या लय लंब्या झाल्या?"

बाबा असं काही विचारत नसत. त्यांची सारी जमीन कपाशीखाली होती, आणि पिकाबद्दल असो की पोराबद्दल, त्यांचं बोलणं एकाच तऱ्हेचं. वखर दुरुस्त करता करता ते एवढंच म्हणाले, "एक साल पाह्यलं. आता शिकल्याचा काही उपेग दिसला तं पाठवतो, नाही तं हा वखर हाय."

वखर मला येत नव्हता असं नाही. पण मला पळायचं होतं. उन्हाळाभर मी घरातून ओट्यावर, ओट्यावरून विहिरीवर आणि विहिरीवरून परत घरात, असा फिरत असे. हातात कागद आणि पेन्सिलीचा तुकडा. कारण रसायनात नापास झालो तरी रसायनातल्या एका गोष्टीनं मला झपाटलं होतं. आमच्या पुस्तकात ती नव्हती. नव्यानं आलेल्या एका तरुण प्रोफेसरांनी आम्हाला ती शिकवली होती. ते तिला ऑक्सिडेशन नंबर म्हणत.

रीत सोपी आहे. कोणताही धातू सुटा, एकटा असला की त्याचा आकडा शून्य. संयुगात गेला की त्याला आकडा येतो. ऑक्सिजनचा बहुधा उणे दोन, हायड्रोजनचा अधिक एक. संयुगातल्या सगळ्यांची बेरीज शून्य यायला हवी. म्हणजे जे माहीत आहे त्यावरून जे माहीत नाही ते काढायचं. पाण्यात दोन हायड्रोजन, अधिक दोन. एक ऑक्सिजन, उणे दोन. झालं शून्य. मला हे भयंकर आवडलं. यात थांबावं लागत नाही. चंचुपात्र तापेपर्यंत बसून राहा, गाळणकागदातून थेंब थेंब उतरेपर्यंत बघत राहा, असलं काही नाही. डोळे मिटून करता येतं. प्रयोगशाळेचे तास मी सर्रास बुडवले होते, आणि नापास झालो त्याचं खरं कारण तेच होतं. पण उन्हाळाभर मी घरातल्या प्रत्येक वस्तूला आकडे लावत सुटलो. मीठ, चुना, खाण्याचा सोडा, आईच्या डब्यातली तुरटी. तुरटीनं दोन दिवस घेतले.

आता आत्या. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिच्या वाट्याला दिलेलं पाच एकराचं रान आमच्याच शिवाराला लागून होतं, म्हणून ती आमच्या घरापासून दोन घरं सोडून राहत असे. रान ती स्वतः बघे. त्यात ज्वारी पेरी आणि वर्षभर तीच खाई. कुणाकडून शेरभर दाणे आणलेत, असं मी तिच्याबाबतीत कधी पाहिलं नाही. तिला याचा ताठाही होता. माझ्यासारखी तिला घाई नसे. बोलायच्या आधी ती समोरच्या वस्तूकडे बराच वेळ बघत राही. मला ते बघणं सहन होत नसे.

आदल्या वर्षी तिच्या ज्वारीवर काणी पडली होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ताट चांगलं वाढतं, कणीसही चांगलं बाहेर पडतं, पण दाण्याच्या जागी राखाडी बोंडं येतात आणि ती फोडली की आत काळा भुगा. हा रोग बियाच्या अंगाला चिकटून येतो. वर काही दिसत नाही, आणि कणीस निघेपर्यंत कळत नाही. तीच ज्वारी बियाला ठेवलेली, म्हणजे याही वर्षी धोका होताच. या वेळी पेरणीच्या तोंडावर शेतकी खात्याचा माणूस चावडीवर मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, पुड्या देऊन गेला. मोरचुदाच्या पाण्यात बी बुडवून काढायचं, सावलीत वाळवायचं, मग पेरायचं. सोबत एक छापील पत्रक. आत्यानं पुडी आणि पत्रक दोन्ही आणून माझ्या हातात दिलं. बाबा तिथेच होते.

"घ्या," बाबा म्हणाले, "शिकलेल्याचं काम आलं. दाखव करून."

त्यांनी ते हसून म्हटलं, पण मला समजलं. हे नीट झालं तर अमरावती, नाही तर वखर. आणि आत्याच्या बाजूनं बघितलं तर तिचं वर्षाचं खाणं. तेव्हा मी तिच्या बाजूनं बघितलं नाही, हेही लिहून ठेवतो.

"वाच बाबू, काय काय लिहून हाय ते," आत्या म्हणाली.

पत्रकाच्या पहिल्या दोन ओळींत पाणी किती आणि मोरचूद किती हे होतं. तेवढं मी वाचलं. मग कागद उलटला. मागची बाजू कोरी. लढाईत कागद मिळत नव्हता, आणि असा गुळगुळीत कोरा कागद म्हणजे चैन. मी लगेच पेन्सिल काढली आणि त्यावर मोरचुदालाच आकडे लावले. तांबं एक, गंधक एक, ऑक्सिजन चार. चार ऑक्सिजनचे उणे आठ, गंधकाचे अधिक सहा, म्हणून तांब्याचे अधिक दोन. बेरीज शून्य. कागद घडी करून वहीत ठेवला. आत्या माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

"भांडं कायचं घ्याचं?" तिनं विचारलं.

"मडकं आण एखादं."

इथं अडलं. घरात मोठं असं एकच मडकं होतं, आणि ते आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं. आमच्याकडे आखाजीला नवं मडकं आणून ते पितरांच्या नावानं पाण्यानं भरतात, आणि मग वर्षभर घरानं त्याच मडक्याचं पाणी प्यायचं असतं. त्यात मोरचूद?

"पितराच्या मडक्यात जहर कालवतं का रे?" आत्या म्हणाली. "कुंभाराकून दुसरं आणतो. केनवडले जाऊन येतो, सांजपावतर येऊन जाईन."

सांजपर्यंत! आभाळ भरून आलं होतं, गावात पेरण्या सुरू झाल्या होत्या, आणि मी संध्याकाळपर्यंत हातावर हात धरून बसू? गोठ्यात एक मोठी लोखंडी कढई पडून होती. एक कान तुटलेला, म्हणून स्वयंपाकातून बाद झालेली, राख भरायला वापरत. मी ती ओढून काढली. "हे चालते," मी म्हटलं. आणि मी काही अर्धवट काम करणारा नव्हतो. वाळू आणि राख घेऊन मी ती कढई आतून अशी घासली की गंज नावाला उरला नाही. लोखंड नुसतं चमकत होतं. आत्या म्हणाली, लग्नाच्या भांड्यालेही कुणी इतकं घासत नाही. मला फार बरं वाटलं.

कढईत पाणी घेतलं, मोरचुदाचे खडे टाकले. ते काही केल्या विरघळेनात. मी काठीनं ढवळलं, पुन्हा ढवळलं, आणि मग माझा धीर सुटला. अंगणात तीन दगड मांडून मी कढई चुलीवर चढवली. पाणी तापलं तसे खडे भराभर विरघळले. सुंदर निळं पाणी झालं. कढई उतरवून तशीच ठेवली आणि मी जेवायला गेलो. आत्या बी निवडत होती. तिचं निवडून होऊन आम्ही बी घेऊन आलो तेव्हा दुपार कलली होती.

पाणी निळं नव्हतं. फिकं, जरासं हिरवट, पोरांनी हात धुतल्यासारखं. मी एक क्षण बघितलं आणि बी ओतलं. वर तरंगलेलं पोचट बी काढून टाकलं. आत्या उकिडवी बसून कढईत बघत होती. बराच वेळ.

"पाणी पांढरं काहून पडलं रे?"

"बी पिते ना ते," मी म्हटलं.

"बी तं आत्ता टाकलं."

"पिते म्हणतो ना आत्या! लवकर पिते."

आम्ही बी उपसून चादरीवर सावलीत पसरलं. मग मी कढई कलती करून पाणी सांडलं, आणि अंगणात बघायला उभ्या असलेल्या बायका ओरडल्या. कढई आतून लाल झाली होती. तांब्याची! जिथवर पाणी होतं तिथवर तांबूस थर, आणि वर काठाशी उघडं लोखंड. आईनं बोट फिरवलं. शेजारची बाई मुलाला घेऊन बघायला आली. मग तिची सासू आली. मग निम्मी गल्ली आली. लोखंडाचं तांबं केलं म्हणे पोरानं! मी काही सांगितलं नाही. खरं म्हणजे मला सांगता येत नव्हतं, आणि येत नव्हतं हे कळू द्यायचं नव्हतं. मी नुसता हसत उभा राहिलो.

बाबा संध्याकाळी शेतातून आले. त्यांनी कढई दारात उजेडाला धरून बघितली, नखानं खरवडली, पुन्हा बघितली. "आयला," ते म्हणाले. जेवताना त्यांनी आईला विचारलं, याच्या ट्रंकेचं कुलूप दुरुस्त आहे का.

मी हात धूत होतो तेव्हा आत्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, "तांबं कढईले चढलं, तं पाण्यातलं गेलं ना बाबू?"

"तसं नसते ते," मी म्हटलं. "तुले नाही समजाचं."

दुसऱ्या दिवशी तिनं ते बी पेरलं. चौथ्या दिवशी मी अमरावतीला जायला वाशीमच्या मोटारीत होतो. मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

पुढचे वीस-बावीस दिवस बरे गेले. मग एके सकाळी प्रोफेसरांनी एका काचेच्या नळीत मोरचुदाचं निळं पाणी घेतलं आणि त्यात एक साधा लोखंडी खिळा सोडला. हा तास गेल्या वर्षी मी बुडवला होता. त्यांनी नळी पहिल्या बाकापासून फिरवायला दिली. माझ्याकडे येईपर्यंत खिळा लाल झाला होता. तांबूस, कढईसारखा.

"पाण्यातल्या तांब्याचा आकडा काय होता?" प्रोफेसरांनी विचारलं.

"अधिक दोन," वर्ग म्हणाला.

"आणि आता खिळ्यावर बसलं आहे त्याचा?"

"शून्य."

"आणि लोखंड?"

"शून्याचं अधिक दोन."

लोखंड पाण्यात उतरलं होतं, तांबं पाण्यातून बाहेर येऊन खिळ्यावर बसलं होतं. पाणी तेच, नळी तीच, पण आता त्या पाण्यात तांबं नाही. आणि काणी मारतं ते पाण्यातलं तांबं. खिळ्यावर चढून बसलेलं तांबं बियाला काय करणार? माझ्या हातातली नळी शेजाऱ्यानं ओढून घेतली तेव्हा मला कळलं की मी ती सोडत नव्हतो.

तास संपायच्या आत मी उठून खोलीवर गेलो. वही काढली, वहीतून पत्रक. मागच्या बाजूला माझ्याच अक्षरात: तांबं अधिक दोन, गंधक अधिक सहा, ऑक्सिजन उणे आठ. कढईच्या लोखंडाचं शून्य कुठंच लिहिलेलं नाही. उलटलं. पाचवी ओळ: द्रावण मातीच्या किंवा लाकडी भांड्यात करावे, लोखंडी भांडे मुळीच वापरू नये. मास्तर सोडले तर सारं गाव अंगठाबहाद्दर, आणि जे कानावर पडलं तेवढ्यावर त्या सगळ्यांनी मडकी वापरली. आमच्या घरात एक वाचता येणारा होता, त्यानं कागदाची कोरी बाजू वाचली.

मी खोलीत फेऱ्या घालायला लागलो. त्या दिवसापासून माझ्या पायाला विसावा म्हणून मिळाला नाही. मनात एकच हिशेब चालू. अजून वेळ होता. ज्वारी हातभर वाढली असेल नसेल. आत्ता कळवलं तर आत्या ते रान मोडेल, म्हणजे उभं पीक वखरून टाकेल, जमीन पुढच्या पिकाला मोकळी ठेवेल आणि थंडीत त्यात हरभरा घेईल. ज्वारी जाईल, पण हातात काहीतरी येईल. पोळ्यापर्यंत कळवलं तरी चालेल. त्यानंतर उपयोग नाही.

मी कार्ड घेतलं. "ती. आत्यास सा. न." इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं. आत्याला वाचता येत नव्हतं. तिची पत्रं गावचे मास्तर वाचून दाखवत, शाळेच्या ओट्यावर, मोठ्यानं, आणि ऐकायला चार माणसं हटकून असत. बहुधा त्यात बाबाही. मी लिहिणार काय? की मी कढईत तांबं चढवून तुमचं बी वाया घालवलं? ज्या कढईवर मी अमरावतीला आलो ती कढईच माझी चूक होती? कार्ड ऐकताना बाबांचा चेहरा मला दिसायला लागला. मी लिहिलं: "मी खुशाल आहे. अभ्यास ठीक चालला आहे. ज्वारी कशी आहे ते कळविणे."

आठ दिवसांनी मास्तरांच्या अक्षरात उत्तर आलं. ज्वारी चांगली आहे, निंदण झालं. मी पुन्हा कार्ड घेतलं. पुन्हा सगळं लिहायचं ठरवलं आणि पुन्हा तेच लिहिलं, ज्वारी कशी आहे. मग तिसरं. मधल्या दिवसांत मी काय करत होतो? चालत होतो. भर दुपारी कॉलेजपासून मोटार स्टँडपर्यंत जाई, वाशीमकडे जाणारी गाडी कधी निघते ते विचारी, आणि परत येई. तिकीट खिडकीवरचा माणूस मला ओळखायला लागला. एकदा तो म्हणाला, "बाबू, जाचं असन तं जाय ना एकदाचा." मला त्याचा इतका राग आला की मी दोन दिवस तिकडे फिरकलो नाही. नागपंचमी गेली. एकही सूत्र धड सुटत नव्हतं. प्रत्येक धातू कढईच्या बुडाशी जाऊन बसे.

शेवटी पोळ्याला गेलो. आई म्हणाली, वाळला रे. मी न जेवताच आत्याच्या रानात गेलो. काय सांगू! अशी ज्वारी तिच्या रानात कधी पाहिली नव्हती. छातीइतकी वाढलेली, गर्द हिरवी, वाऱ्यावर सळसळणारी. एक पान पिवळं नाही. मला वाटलं, झालं असेल काहीतरी. लागलं असेल थोडं तांबं बियाला. पाणी अगदीच पांढरं कुठं होतं, हिरवट होतं. मनाला असं समजावता येतं, हे त्या दिवशी कळलं.

आत्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसली होती. मी तिच्याजवळ उभा राहिलो, बसलो, पुन्हा उभा राहिलो. दोन वाफे पलीकडे बाबा बैलांच्या शिंगांना लावायच्या रंगाबद्दल कुणाशी तरी बोलत होते.

आत्यानं माझ्याकडे वर बघितलं. नेहमीसारखं, बराच वेळ.

"काही बोलाचं हाय का?"

"नाही," मी म्हटलं. "जवारी मस्त हाय."

"हाय तं," ती म्हणाली, आणि उठून लुगड्याला लागलेली माती झटकली.

दिवाळीच्या सुटीत आलो तेव्हा घरात पाय ठेवताक्षणी बाबांनी सांगितलं. काणी. सगळं रान धरलं. दर दोन ताटांत एक काळं. "तुया आत्यानं बी वाळूच नाही दिलं," ते चिडून म्हणाले. "ओलंच पेरलं. तिनंच सांगतलं मले. तू इतकी मेहनत घेतली अन् तिनं सारं मातीत घातलं." शेवटचं वाक्य त्यांनी माझी समजूत घालायच्या आवाजात म्हटलं. बी वाळलं होतं. मीच हातात घेऊन, दातानं फोडून बघितलं होतं.

आत्या घरी नव्हती. शेजारणीनं सांगितलं, ती कापूस वेचायला गेली आहे, पाटलाच्या रानात. आत्या! दुसऱ्याच्या रानात मजुरीनं, पोटाशी ओटी बांधून! मी तसाच पळत सुटलो. ती तिथून निघून आपल्या शेतात आली होती. दिवसभर वेचणी करून आता काणीची कणसं कापत होती. काळी कणसं तोडून पोत्यात भरायची आणि जाळायची, म्हणजे भुगा चांगल्या दाण्याला लागत नाही. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. मी विळा घेतला आणि तिच्या शेजारच्या ओळीला लागलो. पाच-सहा कणसं कापली असतील. बोंडं फुटून भुगा माझ्या तोंडावर उडत होता.

"आत्या," मी म्हटलं, "बी वलं नव्हतं. तांबं कढईले चढलं. बियाले काहीच लागलं नाही. लोखंडाचं भांडं घ्याचं नव्हतं, कागदावर लिहून होतं. म्या वाचलं नाही."

ती कापत राहिली.

"मालूम हाय," ती म्हणाली.

"कवापासून?"

"पाणी पांढरं पडलं तवाच वाटून राह्यलं होतं. पण तू म्हणला, बियानं पिलं. म्हटलं शिकलेला हाय, त्याले जास्त समजते." तिनं एक कणीस पोत्यात टाकलं. "मंग तुहा कागद आला. जवारी कशी हाय म्हणून. तवा पक्कं समजलं. लहानाचा एवढा झाला तू, कदी इचारलं का रे, आत्या तुही जवारी कशी हाय?"

माझा विळा तसाच हातात राहिला.

"मंग मोडलं काहून नाही तू? हरबरा झाला असता!"

"कशी मोडू? तुया बापानं इचारलं असतं, काहून मोडून राह्यली. अन् माया तोंडानं तुले खोटं कशी पाडू, साऱ्या गावासमोर?" तिचा आवाज चढला नाही, पण हात थांबला. "म्हटलं, तो लिहीन. त्यानं लिहिलं का मोडून टाकू. घरचा माणूस हाय, लिहीन. कढई चुकली त्याचं मले काहीच नाही बाबू. पोळ्याले धुऱ्यावर तुले इचारलं."

"इचारलं होतं," मी म्हटलं.

"तीन कागद आले तुहे. तिन्ही मास्तरकून दोन-दोन डाव वाचून घेतले म्या. म्हटलं, मास्तर घाईचा माणूस हाय, एखादी ओळ सुटली असन त्याच्या नजरेतून."

मग तिनं पोतं माझ्याकडे सरकवलं आणि पुढचं कणीस धरलं.